बाजीरावाचा पोटभाडेकरू

आमच्या बाजीरावाची लशींची फाईल माझ्या सर्व्हिस बुकापेक्षा व्यवस्थित आहे. माझ्या सर्व्हिस बुकात जन्मतारखेपासूनच घोटाळा होता. बाजीरावाच्या फायलीत प्रत्येक पानावर तारीख, शिक्का, सही आणि बाटलीवरून सोडवून चिकटवलेलं लेबल. डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ, लेप्टो, रेबीज. ज्याच्यापुढे खूण नाही असं एक नाव दाखवा!

बाजीराव हे नाव आमच्या चिरंजिवांनी ठेवलं. थोरले बाजीराव एकही लढाई हरले नाहीत, असं इतिहास सांगतो. आमचेही हरलेले नाहीत, कारण ते अद्याप एकही लढलेले नाहीत. दिवाळीचा पहिला फटाका वाजला की ते पलंगाखाली जातात, ते तुळशीच्या लग्नाला बाहेर येतात. चिरंजीव नोकरीसाठी पुण्याला गेले आणि "बाबा, दोनच महिने सांभाळा" म्हणून या पेशव्यांना गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी ठेवून गेले. त्याला आता सहा वर्षं झाली.

गेल्या भाद्रपदात बाजीरावाने पोळीवरून तोंड फिरवलं. आधी मला वाटलं, रुसला असेल. सौ. म्हणाली, "अहो, कुत्रा रुसत नाही, तुम्ही रुसता. त्याला काहीतरी होतंय." दुसऱ्या दिवशी त्याची लघवी चहाच्या रंगाची दिसली. बिनदुधाच्या चहाच्या. हिने त्याचा ओठ वर करून बघितला. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या भिंतीला चुना दिल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. मी रिक्षा आणायला धावलो. रिक्षावाला कुत्रा बघून आधी नाही म्हणाला, मग बाजीरावाचा चेहरा बघून हो म्हणाला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीसारख्या. त्यांनी कानाच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब काढला, काचेवर पसरला आणि दुर्बिणीत डोळा घातला.

"काका, गोचीड ताप आहे."

"शक्य नाही," मी फाईल पुढे सरकवली. "सगळ्या लशी झाल्यात."

"याची लस मिळत नाही, काका."

आता आमची पिढी रॉकेलच्या रांगेत वाढलेली. 'मिळत नाही' याचा अर्थ 'दुकानात आहे, पण मागच्या दाराने' एवढाच आम्हाला कळतो. मी आवाज खाली आणून म्हटलं, "पैशांचं बघू हो. मुंबईहून मागवता येईल का?"

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी मला दुर्बिणीपाशी बोलावलं. गुलाबी टिकल्यांसारख्या तांबड्या पेशी दिसल्या आणि त्यांतल्या काहींच्या पोटात एक बारीकशी जांभळी अंगठी. "हा बॅबेसिया. मलेरियाचा लांबचा भाऊ. मलेरिया डासातून येतो, हा गोचिडातून. पेशीत शिरतो, तिथेच वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो." बाजीरावाचं हिमोग्लोबिन साडेपाचावर आलं होतं. मी टेबलाची कड धरली.

"गोचीड दिसला होता का अंगावर?"

दिसला होता. जूनमध्ये कानामागे, तुरीच्या दाण्याएवढा. दर महिन्याला मानेवर सोडायचं गोचिडाचं औषध मी दोन महिने आणलंच नव्हतं. सगळ्या लशी टोचल्यात, एका गोचिडाने काय होतंय, असा हिशेब. त्या औषधात वाचवलेले पैसे मी कुठे खर्च केले, तेही आता आठवत नाही.

"काका, पोट भरलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. तुम्हाला दिसला तो एक."

पुढचे आठ दिवस आम्ही सलाईन, गोळ्या आणि मलेरियावरचं एक महागडं औषध यांत काढले. चिरंजीव रात्रीच्या गाडीने पुण्याहून आले. रात्री आम्ही पाळीने बसायचो. माझ्या पाळीत मी बाईंनी दिलेले कागद वाचत बसायचो. अपराधी माणसाला वाचनाची आवड पटकन लागते.

वाचता वाचता कळलं, की या बॅबेसियाची आपल्याकडची जात, बॅबेसिया गिब्सोनी, पहिल्यांदा वर्णिली गेली ती भारतातच. १९१० साली पॅटन नावाच्या साहेबाला ती मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात सापडली, आणि मग कोल्ह्याच्याही. म्हणजे रोग अस्सल स्वदेशी. लस मात्र आहे ती परदेशात आणि दुसऱ्याच जातीवर. फ्रान्समध्ये १९८०च्या दशकात बॅबेसिया कॅनिस या तिकडच्या भाऊबंदावर लस निघाली. ती रोगाला दारातच अडवते असंही नाही. झाला तर सौम्य होतो, एवढंच. आणि आमच्या गिब्सोनीला ती लागू पडत नाही. जात आडवी येणं फक्त लग्नातच असतं असं मी समजत होतो.

या जंतूंवर लस करणं एवढं अवघड का? मला ते माझ्या भाषेत असं उमगलं. विषाणू हा भुरटा चोर. त्याच्याजवळ सामान थोडं. लस म्हणजे पोलीस चौकीत लावलेला त्याचा फोटो. दिसला की पकडा. परजीवी हा पोटभाडेकरू. त्याचं बिऱ्हाड मोठं, शेकड्यांनी नव्हे, हजारांनी जनुकं. तो तांबड्या पेशीत शिरून आतून कडी लावतो. त्याचे काही भाऊबंद तर बाहेरच्या पाटीवरचं नावही मधूनमधून बदलतात. फोटो घेऊन आलेल्या पोलिसाने शोधायचं कुणाला? आणि ज्याने पोटभाडेकरूवर दावा लावला आहे, त्याला हेही माहीत असतं, की असा माणूस शेवटी निघत नाही. तडजोड होते. तो मागच्या खोलीत गप्प राहतो, आपण पुढच्या. बाजीरावाच्या बाबतीत बाईंनी हेच सांगितलं होतं: "बरा झाला तरी जंतू थोडे आत राहू शकतात. अंगात ताकद आहे तोवर ते गप्प बसतील."

कुत्र्यांच्या जंतांवरची एक लस मात्र खरोखर निघाली होती. तिची गोष्ट मी रात्री दोन वाजता वाचली आणि हिला उठवून सांगितली. ग्लासगोमध्ये मिलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात कुत्र्यांच्या अंकुशकृमींच्या अळ्या घेतल्या, त्यांना क्षकिरण देऊन निम्म्या गारद केलं आणि त्या जिवंत अळ्याच कुत्र्याला टोचल्या. अर्धमेल्या पाहुण्यांना बघून कुत्र्याचं शरीर सावध झालं आणि नंतर खरे जंत आले तेव्हा त्यांना टिकाव धरू देईना. १९७३ साली ही लस अमेरिकेत बाजारात आली. १९७५ साली गुंडाळली गेली.

"का? चालली नाही?" ही अर्धवट झोपेत.

"चालली! कुत्री आजारी पडेनात. पण जंत शंभर टक्के जात नसत. चार-दोन उरायचे. डॉक्टरांनी विष्ठा तपासली की अंडी दिसायची. मग लोक म्हणणार, एवढे पैसे मोजले आणि जंत आहेतच! शिवाय अळ्या जिवंत असल्याने ती फार दिवस टिकत नसे आणि महागही पडे."

ही उठून बसली. म्हणाली, "म्हणजे कुत्री बरी होती, पण माणसांचं समाधान झालं नाही." आणि पुन्हा झोपली. चष्म्याचं ओझं न वागवता ही नेमकं तेच बोलते, जे मला चाळीस पानांनंतर कळतं.

पुण्याविषयी बरं बोलायला नाशिककराच्या जिवावर येतं. पण बाजीरावाच्या जंतूच्या त्या लांबच्या भावावर, म्हणजे माणसाच्या मलेरियावर, ऑक्सफर्डने केलेली आर-ट्वेंटीवन ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. त्याआधीची पहिली लस १९८७ साली आकाराला आली आणि तिची शिफारस झाली २०२१ साली. चौतीस वर्षं! म्हणजे माझी अख्खी नोकरी, अर्जित रजेसकट. आणि यांतली कुठलीच शंभर टक्के नाही. पण आफ्रिकेतली लेकरं वाचताहेत, म्हणून कुणी ती गुंडाळली नाही. माणसाच्या रोगाला एवढा वेळ लागतो, तर गंगापूर रोडवरच्या एका कुत्र्यासाठी लस येईपर्यंत मी असेन असं वाटत नाही. बाजीराव तर नक्कीच नसेल. येईल तेव्हा तीही अशीच निम्मीशिम्मी येईल, आणि तेव्हा कुणी "चार-दोन उरलेच की" म्हणून नाक मुरडू नये, एवढं मात्र मी आत्ताच लिहून ठेवतो.

सहाव्या रात्री माझ्या पाळीत मला चपचप आवाज आला. हिने उशाशी ठेवलेला दहीभात बाजीराव पडल्यापडल्याच चाटत होता. मी चिरंजिवांना हाक मारायला गेलो, तर आवाजच फुटेना. मग बाजीरावच भुंकला. नीट नाही, फुटक्या पेटीसारखा. पण सगळं घर उठलं.

आता महिन्याच्या पहिल्या तारखेला मानेवर औषध. कॅलेंडरवर लाल खूण केली आहे, पेन्शनच्या शेजारी. गवंडी बोलावून कुंपणाच्या आणि ओट्याच्या भेगा बुजवून घेतल्या. आणि रोज संध्याकाळी दिवेलागणीला मी चष्मा लावून ओट्यावर बसतो. बाजीराव आडवा होतो. कानाच्या आत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यात, सगळीकडे तपासणी. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. ही आतून विचारते, "किती?"

"आज एकही नाही," मी सांगतो.

"नीट बघा," ही म्हणते.

मी पुन्हा पहिल्या कानापासून सुरुवात करतो.