दिग्रसचा ‘ग्र’

पाठचिकित्सा शिकवताना पहिला प्रश्न नेहमी एकच असतो. समोर दिसणारा दोष नेमका कोणाचा? मूळ कर्त्याचा, नकलकाराचा, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पोथीत एक काना जरी घातला तरी ती दुरुस्ती नव्हे, ढवळाढवळ ठरते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तिचा आदर आपण करतो तो याच विवेकापोटी. हाच विवेक संगणकाच्या पडद्यावरील एका चौकटीसमोरही तितकाच उपयोगी पडतो, हा अनुभव आम्हाला दिग्रसमध्ये आला. साहित्याच्या अभ्यासकांना त्यात रस वाटावा, म्हणून तो येथे मांडत आहोत.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांची आणि वाचकांची नोंद ठेवणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. पुस्तकाच्या नावातील दोन-तीन अक्षरे टाइप केली की खाली यादी उलगडते आणि शोधलेली अक्षरे तांबड्या रंगात दिसतात. तयार मिळणाऱ्या चौकटींत ही रंगसंगती साधत नाही. त्यामुळे मूळ प्रोग्रॅमरने यादीची चौकट स्वतःच घडवली होती. संगणकाच्या भाषेत अशा घडीव वस्तूला ‘कस्टम कंपोनंट’ म्हणतात. तयार चौकटीत मजकूर कसा उमटावा याची काळजी विंडोज वाहते. घडीव चौकटीत ती जबाबदारी घडवणाऱ्याची असते. ओळ किती उंच, अक्षर कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे सारे त्यालाच ठरवावे लागते.

हा प्रोग्रॅम बरीच वर्षे विनातक्रार चालला. त्या वेळी नोंदी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉण्टमध्ये होत्या. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी मजकूर मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात आणि फॉण्ट काढून घेतला की खाली निरर्थक रोमन अक्षरे उरतात. महानुभावांच्या सकळ लिपीची येथे आठवण व्हावी. तिथेही मजकूर शुद्ध असतो, पण एका खुणेच्या जागी दुसरी खूण असते आणि किल्ली नसलेल्याला ती पोथी मुकी वाटते. ती किल्ली वि. का. राजवाडे यांनी शोधली. पुढे यवतमाळच्या डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासात मोठी भर घातली. आमच्या जिल्ह्याला मुक्या मजकुराची ओळख अशी जुनी आहे.

काही वर्षांपूर्वी साऱ्या नोंदी युनिकोडमध्ये आणल्या गेल्या. हे आवश्यकच होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला आणि चिन्हाला स्वतःचा क्रमांक दिला आणि मराठी मजकूर फॉण्टच्या ताब्यातून सुटला. परंतु नोंदी बदलल्या त्या दिवशी यादीची चौकट कोलमडली. प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी अक्षरापासून सुटून ठिपक्यांच्या एकेका वर्तुळाला चिकटून उभी राहिली. वाचकांच्या पत्त्यांत यवतमाळ जिल्ह्याचे सोळाही तालुके आहेत. त्यांपैकी एकही नाव धड उमटेना. तेव्हा कोठे आमच्या लक्षात आले की या सोळा नावांत एकही नाव बिनखुणेचे नाही. कळंबला अनुस्वार, नेरला मात्रा, वणीला वेलांटी, पुसदला उकार, यवतमाळला काना. आर्णीवर रफार, दारव्ह्यात जोडाक्षर. आणि आमच्या दिग्रसला तर पहिली वेलांटीही आहे आणि ‘ग्र’ही.

कार्यालयातून सूचना आली की पुस्तकांची नावे सरळ इंग्रजी लिपीत टाकावीत, म्हणजे प्रश्नच मिटेल. सूचना व्यवहारी होती, आणि म्हणूनच धोक्याची होती. रोमन लिपीत ‘कला’, ‘कळा’, ‘काला’ आणि ‘काळा’ हे चार शब्द एकाच रांगेत एकाच वेषात येऊन उभे राहतात. मराठी ग्रंथालयाच्या यादीतून ‘ळ’ घालवायचा आणि तोही एका चौकटीच्या सोयीसाठी, हे आम्हा मराठी विभागातील दोघांना मान्य होण्यासारखे नव्हते. आम्ही महिनाभराची मुदत मागून घेतली.

आमचा एक माजी विद्यार्थी नागपूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. दिवाळीच्या सुटीत तो गावी आला होता. मूळ प्रोग्रॅमचा सोर्स कोड सुदैवाने महाविद्यालयाकडे होता. त्याने आल्याआल्या कोड उघडला नाही. बिघडलेल्या ओळीतील मजकूर उचलून त्याने नोटपॅडमध्ये टाकला. तेथे ‘दिग्रस’ स्वच्छ उमटले. “सर, मजकूर तं बरोबर आहे. चित्र चुकून राह्यलं,” तो म्हणाला. आम्हाला मनापासून आनंद झाला, कारण ही पाठचिकित्सेचीच पहिली पायरी होती. संहिता शुद्ध होती, दोष नकलेत होता. पुढे त्याने फॉण्ट बदलून पाहिला, दोष कायम राहिला. घडीव चौकटीच्या जागी साधी तयार चौकट ठेवली, दोष नाहीसा झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे स्थिर ठेवायचे, ही शिस्त त्याने एकदाही मोडली नाही. मग लांबलचक शीर्षके बाजूला सारून त्याने आमच्याकडे दोष दाखवणारा लहानात लहान शब्द मागितला. आम्ही ‘कि’ दिला.

‘कि’ या एका अक्षरात सारे रहस्य आहे. लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना ‘क्’ आधी येतो. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळते. साठवणीत आधी ‘क’ आणि मग वेलांटी असते, आणि ती वेलांटी उचलून डावीकडे नेण्याचे काम पडद्यावर मजकूर रचणारी यंत्रणा करते. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ही यंत्रणा विंडोज २००० पासून आहे. मात्र तिच्या हाती निदान एक पूर्ण अक्षर पडले पाहिजे. आमची चौकट शोधलेला भाग रंगवण्यासाठी एकेक खूण सुटी काढून रेखाटत होती. जुन्या फॉण्टमध्ये ते चालून गेले, कारण तेथे खुणा डोळ्यांच्या क्रमानेच मांडलेल्या होत्या. आता यंत्रणेला एकदा नुसता ‘क’ मिळे आणि नंतर निराधार वेलांटी मिळे. निराधार चिन्ह दाखवायचे तर आधाराला ठिपक्यांचे वर्तुळ काढावे, हा तिचा रिवाज आहे. ते वर्तुळ यंत्रणेची खोड नव्हती, ‘येथे अक्षर तुटले आहे’ अशी तिने दिलेली प्रामाणिक सूचना होती.

शब्द सलग रेखाटताच वर्तुळे गेली, पण रंगाचा प्रश्न उरला. ‘दिग’ शोधले की ‘दिग’ तांबडे होई आणि उरलेला भाग वेगळा रेखाटला जाऊन पुन्हा निराधार होई. दिग्रसचे ‘दिग’ आणि ‘रस’ असे दोन तुकडे पडत. मुलाने विचारले, “सर, अक्षर म्हणजे नेमकं किती?” छंदशास्त्राच्या तासाला हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना विचारत आलो. तो असा उलटून आमच्याकडे येईल याची कल्पना नव्हती. संगणकाच्या साठवणीत दिग्रस म्हणजे सहा खुणा : द, वेलांटी, ग, हलन्त, र, स. वृत्ताच्या हिशेबात मात्र तीनच अक्षरे, आणि पुढच्या जोडाक्षरामुळे ‘दि’ गुरू, म्हणून हा शब्द भगण. ‘ग्’ आणि ‘र’ वेगळे केले की गण मोडतो आणि शब्दही मोडतो. आम्ही त्याला नियम लिहून दिला. रंगाची किंवा कापण्याची सीमा अक्षराच्या मध्ये पडता कामा नये. ती पडतच असेल, तर पूर्ण अक्षर ओलांडून पुढे न्यावी.

हा नियम आमच्या गावठी बुद्धीचा नाही. तरीही मजकुराच्या सीमा ठरवणाऱ्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत देवनागरी जोडाक्षर अभंग ठेवण्याची तरतूद येण्यास १५.१ ही आवृत्ती, म्हणजे २०२३ साल, उजाडावे लागले. जी गोष्ट शाळकरी मूल ‘ग्र’ गिरवताना शिकते, ती जगाच्या नियमावलीत इतक्या उशिरा पोहोचली.

याच नियमाने आणखी एक दोष निवारला गेला. लांब शीर्षके ठरावीक संख्येच्या खुणांनंतर कापून पुढे तीन टिंबे दिली जात. त्यामुळे ‘ज्ञानेश्वरी’ कधी कधी ‘ज्ञानेश्’ येथेच पाय मोडून बसे. दुसरा दोष ओळीच्या उंचीचा होता. ती इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवलेली असल्याने आर्णीचा रफार वरून छाटला जाई आणि पुसदचा उकार खालून. उंची फॉण्टलाच विचारून ठरवण्याची व्यवस्था केली आणि दोन्ही गावे पूर्ववत झाली.

शेवटचा दोष मात्र चौकटीचा नव्हताच. ग्रेस यांचे ‘वाऱ्याने हलते रान’ हे पुस्तक कपाटात होते आणि यादीतही डोळ्यांना दिसत होते, परंतु शोधात सापडत नव्हते. २०११ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले, आमच्या विदर्भातील कवीचे पुस्तक, आणि विद्यार्थ्याला उत्तर मिळे की ते येथे नाही! ‘ऱ्य’ दोन प्रकारांनी साठवता येतो, हे याचे कारण. एका प्रकारात ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण घेऊन त्याला हलन्त आणि ‘य’ जोडतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह घेऊन मग ‘य’ लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते निरनिराळे शब्द वाटतात. जुन्या नोंदींचे रूपांतर एका पद्धतीने झाले होते आणि कळफलकावरून दुसरी पद्धत उमटत होती. पोथ्यांतील पाठभेद निदान दिसतात. हा पाठभेद अदृश्य होता. नोंद साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपे ‘ऱ’च्या पद्धतीत आणण्याची सोय केली आणि पुस्तक सापडले. येथे कोणी ‘ऱ्य’ऐवजी ‘र्य’ चालवून घ्यावा असे सुचवले असते तर आम्ही त्याला एवढेच विचारले असते की, सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ आणि अरबी समुद्राचा ‘दर्या’ यांत त्याला काही फरक वाटतो की नाही.

आमचे काम या साऱ्यात किती होते? कोडची एकही ओळ आम्ही लिहिली नाही. आम्ही शब्द निवडले, दोष कोठे आहे ते अक्षरागणिक सांगितले, आणि काय बरोबर दिसले पाहिजे हे ठामपणे लिहून दिले. परंतु नेमक्या याच गोष्टी प्रोग्रॅमरला एकट्याने करता येत नाहीत. मराठी न वाचणाऱ्याला तुटलेला ‘ग्र’ तुटलेला दिसत नाही. मराठी वाचणारा तो मनातल्या मनात जोडून घेतो आणि पुढे जातो. हा आपला समजूतदारपणा लिपीच्या मुळावर येतो. विंडोजमधील ‘मंगल’ हा देवनागरी फॉण्ट रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवला. ते सुलेखनकार होते आणि कवीही होते. अक्षराची चिंता यंत्रज्ञांवर सोपवून साहित्यिकांनी मोकळे व्हावे, असे त्यांना वाटले नाही.

मराठीच्या विद्यार्थ्यांना आम्ही आता पाठचिकित्सेच्या जोडीने एक छोटा स्वाध्याय देतो. पडद्यावर कोठेही मराठी मोडलेली दिसली की ‘मराठी नीट दिसत नाही’ असे लिहून थांबायचे नाही. मजकूर दुसरीकडे नेऊन पाहायचा, दोष साठवणीत आहे की चित्रात हे ठरवायचे, दोष दाखवणारा लहानात लहान शब्द शोधायचा, आणि तो कसा दिसतो व कसा दिसायला हवा या दोन्ही गोष्टी लिहायच्या. शब्द सुचत नसेल त्याने आमच्या गावाचे नाव वापरावे. त्यात वेलांटी आहे, जोडाक्षर आहे, आणि ते कोणाच्या सोयीसाठी बदलण्याची गावकऱ्यांची तयारी नाही.