कॅमेऱ्याला वळख नाही

२०२४च्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तर मोबाईल वाजला. पाहतो तर चलन! माझ्या गाडीने पणजीकडच्या एका सिग्नलवर लाल दिवा ओलांडला म्हणे. उघडून पाहिलं तर फोटोही हजर. गाडी माझीच, नंबरपाटी अगदी स्वच्छ (आदल्याच दिवशी गाडी धुतली होती, नशीब माझं!) आणि वर लाल दिवा. मला विचाराल तर तो पिवळा होता. माझं मन अजूनही तसंच सांगतं. फोटोत मात्र तो लाल आहे.

असं काही झालं की आपण गोंयकार प्रथम काय करतो? आपल्या वळखीचं कोण आहे ते आठवतो. मराठीत आपण 'ओळख' लिहितो खरं, पण ओळख वेगळी आणि वळख वेगळी. ओळख नुसती असते, वळख कामाला येते. इस्पितळात खाट हवी, वळख. पंचायतीत दाखला अडला, वळख. रस्त्यात पोलिसाने गाडी अडवली की काच खाली करून आपण आधी त्याचं आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, आणि तिसऱ्या वाक्याला त्याच्या मामाचे शेजारी निघतो. मग तो हसतो, आपण हसतो, "हेल्मेट घालत जा हां" एवढ्यावर भागतं. लहान राज्य आहे आपलं. दोन जिल्हे आता तीन झाले तरी माणसं तीच.

तर माझा एक भाचा पोलीस खात्यात आहे. त्याला फोन लावला. चलन, फोटो, पिवळा दिवा, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "मामा, ताका कोणाचीच वळख ना."

मेरशीच्या जंक्शनवर जून २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे चलन काढू लागले, तेव्हा मीच चार जणांत बसून म्हटलं होतं, "बरं झालं, लोकांना शिस्त लागेल." लोक म्हणजे अर्थात दुसरे. या यंत्राचं काम सोपं आहे. दिवा लाल असताना गाडीने पांढरी रेघ ओलांडली की ते नंबरपाटी वाचतं, नोंदणीच्या दप्तरातून मालक शोधतं आणि त्याच्या मोबाईलवर निरोप धाडतं. मालक बँकेतून निवृत्त झालेला आहे, त्याने कधी कोणाचा रुपया बुडवला नाही, गावच्या देवस्थानाच्या समितीवर होता, यातलं काही त्या यंत्राला कळत नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. रस्त्यावरच्या वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याचं नाव ज्याच्याशी जोडलेलं आहे तो मॉरिस गॅट्सोनिडेस हा कोणी पोलीस अधिकारी नव्हता. तो डच मोटारशर्यतपटू. १९५३ साली मोंटे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपला वेग आणखी कसा वाढवता येईल हे पाहायला त्याने वेग मोजायचं साधन बनवलं आणि पुढे जगभरच्या पोलिसांनी ते सुसाट जाणाऱ्यांना पकडायला वापरलं. जोरात जाण्याची हौस असलेल्या माणसानेच हे करावं यात मला काही विचित्र वाटत नाही. आपण किती वेगात आहोत हे आतल्या माणसाला कळत नाही, हे त्यालाच ठाऊक असणार.

असो. चलन भरलं. चिडून भरलं. पण त्या रात्री झोप लागली नाही, त्याचं कारण ते चलन नव्हे. या पिवळ्या-लाल दिव्यापायी माझा फोटो निघाला आणि दंड झाला. दोन वर्षांपूर्वी याच हातांनी जे केलं होतं, त्याचा कोणी फोटो काढला नाही, दंडही झाला नाही. ते आज लिहितो आहे.

२०२२चा जून महिना. पणजीला एक कार्यक्रम होता, तो आटपून फोंड्याला परत येत होतो. हा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा, म्हणजे चाकाखालचा. जुनं गोंय, खोर्ली, बाणस्तारी, भोम, कुंडई, मग मंगेशी, म्हार्दोळ, फर्मागुडी. शाळेच्या वयात या रस्त्याने मी लाकडी बाकांच्या 'कामियांव'मधून गेलो आहे, नंतर कदंबच्या बसमधून. आता गाडी आहे. मंगेशी आलं की स्टिअरिंगवरचा एक हात सुटून छातीशी जातो, म्हार्दोळला पुन्हा जातो. पाय मात्र अॅक्सिलरेटरवरून हलत नाही. साठाच्या वेगात नमस्कार करणारी आपली जात!

सात वाजून गेले होते. पाऊस भुरभुरत होता आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे काचेवर पसरत होते. वाटेत एक गाव लागतं (नाव मुद्दाम सांगत नाही), तिथे ताशी ४०ची पाटी आहे. माझा वेग ६५ होता. हा आकडा मला नक्की ठाऊक आहे, कारण नुकतीच मी डॅशबोर्डवर नजर टाकली होती आणि 'फार नाही' असं मनात म्हटलं होतं. डाव्या कडेला काहीतरी काळं हललं. तिथे पदपथ नाही, गटार आहे आणि गटारावर गवत. पावसात गवत निसरडं होतं, म्हणून चालणारा माणूस डांबरावर येतो. मी ब्रेक दाबला, गाडी घसरली, डाव्या आरशाचा आवाज झाला आणि एक छत्री हवेत उडून मागे गेली.

गाडी पुढे जाऊन थांबली. उतरून धावत मागे आलो. एक म्हातारा माणूस गटाराच्या काठावर बसला होता, डावा हात उजव्या हातात धरून. "लागलं का हो? कुठे लागलं?" मी ओरडत होतो. त्यांनी मान वर केली. अंधारात मला चेहरा दिसेना. पण त्यांनी माझा आवाज ओळखला. "कोण रे? तूं आमच्या शाळेंतलो न्हू?"

मराठी शाळेत मला गणित शिकवलेले मास्तर होते ते. वय चौऱ्याऐंशी. मी घाबरून थरथरत होतो आणि ते म्हणत होते, "म्हाका कांय जावंक ना. छत्री खंय पडली पळय."

मनगटाचं हाड मोडलं होतं. इस्पितळात नेलं, प्लास्टर झालं, खर्च मी केला. रात्री त्यांना घरी पोचवताना मी त्यांच्या मुलाला म्हटलं, पोलिसांत कळवायला हवं. खरं सांगायचं तर, त्याने नको म्हणावं अशीच इच्छा धरून म्हटलं. तो म्हणाला, "पोलीस कित्याक? तुमी आमकां परके व्हय?" आणि मी निमूट घरी आलो. मोटार वाहन कायद्याच्या १३४ कलमात चालकाची कामं सांगितली आहेत. जखमीवर उपचार करवणं हे पहिलं, आणि पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवणं हे दुसरं. मी पहिलं केलं. दुसरं वळखीने माफ झालं.

आठवड्याने मास्तरांना पाहायला गेलो. शेवग्याच्या शेंगा आणि बिस्किटं घेऊन. गळ्यात हात अडकवून व्हरांड्यात बसले होते. इकडचं तिकडचं कोंकणीत चाललं होतं. मग एकदम मराठीत म्हणाले, "वेग किती होता?" तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या पिढीत कोंकणी घरची आणि मराठी फळ्यावरची. मास्तर मराठीत आले म्हणजे तास सुरू झाला.

"पन्नास असेल, मास्तर."

"खरं सांग."

"पासष्ट."

"पाटी किती सांगते?"

"चाळीस."

"मग मांड."

साठी ओलांडलेला मी, बिस्किटांच्या पुड्याच्या कागदावर गणित मांडू लागलो. ताशी किलोमीटरला पाचाने गुणून अठराने भागायचं, म्हणजे सेकंदाला मीटर मिळतात. चाळीसचे अकरा, पासष्टचे अठरा. माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. (माझ्या वयाला तो कमीच म्हणायचा.) तेवढ्यात चाळीसची गाडी अकरा मीटर जाते, पासष्टची अठरा. मग ब्रेक. ओल्या रस्त्यावर दर सेकंदाला पाच मीटरने वेग उतरतो असं मास्तरांनी धरायला सांगितलं. आकडेमोड केली तर चाळीसची गाडी एकूण सुमारे तेवीस मीटरवर थांबते. पासष्टच्या गाडीला पन्नास लागतात.

"आता शेवटचा प्रश्न," मास्तर म्हणाले. "चाळीसची गाडी जिथे थांबली, तिथे पासष्टच्या गाडीचा वेग किती?"

हे उत्तर मी दोनदा करून पाहिलं, चुकलं असेल म्हणून. एकोणसाठ. जिथे एक गाडी उभी राहिलेली असते, तिथे दुसरी अजून एकोणसाठच्या वेगात असते. मास्तर रस्त्याच्या कडेला होते म्हणून आरसा लागला. दोन हात आत असते तर... त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, पाहिला आणि "बरोबर" म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत.

मला त्यांनी अंधारात नुसत्या आवाजावरून ओळखलं, आणि मी हेडलाइटच्या उजेडात त्यांना ओळखलं नाही. हे मला त्या मोडलेल्या मनगटापेक्षा जास्त टोचतं. ते पायी होते, मी पासष्टवर होतो, एवढाच फरक. सायकलवरचा पोदेर भोंपू वाजवत गावातून जातो तेव्हा त्याला कोणाच्या घरी पाव्हणे आहेत ते कळतं. स्कूटरवरून जाणाऱ्याला निदान हात वर करता येतो. मोटारीतून साठाला गेलं की रस्त्याकडेला नुसती काळी-पांढरी आकृती उरते. ती कोणाची आई, कोणाचे मास्तर, ते पुढे गेल्यावर कळतं, किंवा कळतच नाही. ज्या वळखीवर आपला सगळा कारभार चालतो, तिच्या नावाने आपण वेगाची चलनं माफ करून घेत आलो, आणि वेगात तीच पहिली जाते!

शेजाऱ्याच्या वळखीने तर आपण रस्त्याची बाजूही ठरवली. पोर्तुगालने १९२८ साली उजवीकडून गाड्या हाकायला सुरुवात केली, गोव्यात मात्र डावीच बाजू राहिली, कारण सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानात सगळे डावीकडून जात. तेवढा शहाणपणा तेव्हा होता.

६ ऑगस्ट २०२३च्या रात्री याच रस्त्यावर, बाणस्तारीच्या पुलावर, एका भरधाव मोटारीने तीन जीव घेतले. सारा गोवा हळहळला, चिडला, रस्त्यावर उतरला. मीही चिडलो. चहाच्या दुकानात तावातावाने बोलत होतो, आणि बोलता बोलता गप्प झालो. ती मोटार महागडी होती, माझी साधी आहे. दोन्हींना लागू पडणारं गणित बिस्किटांच्या कागदावर होतं. दरवर्षी गोव्यातल्या रस्त्यांवर दोनशेच्या वर माणसं जातात आणि त्यांतली बहुतेक दुचाकीवरची किंवा पायी चालणारी असतात. वर्तमानपत्रात त्यांना चार ओळी मिळतात.

वेगमर्यादेच्या पाट्यांबद्दल आपण सगळेच कुरकुरतो, आणि थोडी कुरकुर खरीही आहे. केंद्राने २०१८ साली शहरांतल्या रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७०ची कमाल मर्यादा ठेवली. राज्याला ती पाटी लावून कमी करता येते. उलट फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला जगभरच्या देशांची परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यात माणसं आणि वाहनं जिथे मिसळतात तिथे ३०ची मर्यादा असावी असं म्हटलं आहे. आपल्या गावांत माणसं आणि वाहनं कुठे मिसळत नाहीत, सांगा पाहू! रस्ते रुंद होतात, पूल होतात, ते हवेतच. पण त्या गटारावर एक फरशी टाकून म्हाताऱ्या माणसाला चालायला दोन हात जागा करावी, हे कोणत्याच आराखड्यात येत नाही. कॅमेऱ्यालाही गाडी दिसते. रस्ता ओलांडता येत नाही म्हणून दहा मिनिटं कडेला उभी असलेली बाई दिसत नाही.

त्या गावातून मी आता चाळीसने जातो. मागचे लोक भोंगे वाजवतात, कोणी पुढे जाताना मान वळवून माझ्याकडे पाहतो की हा कोण म्हातारा. परवा एकाने पाहिलं तो माझ्या वळखीचा निघाला. त्याने हात केला, मीही केला.

छत्रीचं सांगायचं राहिलं. तिच्या दोन काड्या मोडल्या होत्या. मी नवी घेऊन गेलो होतो, मास्तरांनी ती परत केली. "नवी नाका. तीच सारकी करून हाड." फोंड्याच्या बाजारात छत्रीवाल्याकडून दुरुस्त करून नेऊन दिली. पुढे चवथीच्या सुमाराला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ती व्हरांड्यात सुकायला उघडून ठेवली होती. काळ्या कापडावर कडेने पांढरी पट्टी शिवलेली. सुनेने मास्तरांचं जुनं धोतर फाडून शिवली म्हणे. मी तिच्याकडे पाहतो आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"आतां दिसतां न्हू रे हांव?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.