सडपातळ पुण्याचे पोट

सकाळी सहाच्या सुमारास पर्वतीच्या पायऱ्या चढताना पुढे चालणाऱ्या मंडळींकडे वैद्यकीय दृष्टीने पाहा. काटकुळे हातपाय, अरुंद खांदे आणि सदऱ्याआडून किंचित पुढे आलेले पोट असे पुष्कळजण दिसतील. हे गृहस्थ स्वतःला 'बारीक' समजतात. वजनकाटाही त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले याच बांध्याचे रुग्ण मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

या बांध्याचे कोडे उलगडण्याचे बरेचसे काम याच शहरात, रास्ता पेठेत झाले. सरदार रास्त्यांचे नाव धारण करणाऱ्या या जुन्या पेठेत १९१२ साली स्थापन झालेले केईएम रुग्णालय आहे. (मुंबईच्या केईएमशी त्याची गल्लत करू नये.) तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे बीएमआय २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम मात्र रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठण्यापुरता, असा विनोदही त्या लेखात आहे. काट्याला जे दिसत नाही, ते या एका छायाचित्राने दाखवले.

पोटातील चरबी ही अडगळीत पडलेली वस्तू नव्हे. ती सतत काही ना काही स्रवत असते. तिच्या पेशी फुगू लागल्या की शरीराच्या संरक्षक पेशी तेथे गोळा होतात आणि दाह सुरू होतो. कापलेले बोट लाल होऊन ठणकते, तोही दाहच. पण तो चार दिवसांत शमतो. हा मात्र मुका असतो आणि वर्षानुवर्षे धुमसतो. त्याचे निरोप यकृतापर्यंत पोहोचतात आणि यकृत सीआरपी नावाचे प्रथिन अधिक बनवू लागते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे होते. साखर आणि ट्रायग्लिसराइड्स वाढतात. रोहिणीच्या आतील अस्तराखाली साचलेल्या कोलेस्टेरॉलच्या थरातही हाच दाह असतो. त्या थरावरचे पातळ आवरण फाटले की तेथे रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. म्हणूनच फारशी अरुंद न झालेली रोहिणीही कधीकधी अचानक बंद पडते.

याज्ञिकांच्या गटाने पुढे खेड्यातील, शहरी झोपडपट्टीतील आणि मध्यमवर्गीय वस्तीतील मिळून सुमारे साडेचारशे पुरुष तपासले. खेड्यातील पुरुषांच्या तुलनेत शहरातील मध्यमवर्गीयांत चरबी, साखर आणि दाहाच्या खुणा अधिक आढळल्या. पण सारा दोष शहरावर टाकून मोकळे होता येत नाही. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोंच्या आत भरले. इंग्लंडमधील बाळे साडेतीन किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पाठीवरील कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत! दिसायला किरकोळ आणि आतून चरबीयुक्त असा हा बांधा आईच्या उदरातच घडू लागतो. त्या गावांतील मुले मोठी झाल्यावर, त्यांच्या पुढच्या पिढीचा पाया सुधारावा म्हणून किशोरवयातच त्यांना ब-१२ जीवनसत्त्व देण्याचा प्रयोगही तेथे झाला.

"डॉक्टर, मग सीआरपी तपासून घेऊ का?" असे आपण विचाराल. साध्या सर्दी-तापाने, हिरड्यांच्या दुखण्यानेही ते वाढते. सरसकट सर्वांनी ती तपासणी करावी असे मला वाटत नाही. त्याआधी घरातील शिंप्याची टेप काढा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर आकडा गेला, तर वजन कितीही 'योग्य' असो, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड्स तपासून घ्या. घरात कुणाला मधुमेह असेल तर चाळिशीची वाट पाहू नका. आणि पर्वती चढणाऱ्यांनी खाली उतरल्यावर मिसळीसोबत घेतलेले पावही मोजावेत.