आगीचं आळं

हुरड्याच्या आगटीला सामान असं काही लागतच नाही. रानात मऊ जागा बघायची, वीतभर खड्डा घ्यायचा, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायच्या. धूर सरला, गोवरी आतपर्यंत लाल झाली, वर राखेचा पातळ पदर धरला, की ज्वारीची कोवळी कणसं त्यात खुपसायची. दाणा दुधातून नुकता वर आलेला हवा, टणक झालेला नको. भाजलेलं कणीस तळहातांत चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि उरलेला हिरवा, ऊन, किंचित धुरकट घास थेट तोंडात. पुढ्यात तिळाची नि लसणाची चटणी, गुळाचा खडा, दही. हल्ली शहराभोवतीच्या शेतांवर याला पार्टी म्हणतात, माणशी पैसे घेतात आणि पोरांना बैलगाडीतून एक चक्कर मारून आणतात. मला त्याचं वावडं नाही. खास हुरड्याचे म्हणून वाण निघाले, राहुरीच्या विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर, परभणीच्या विद्यापीठाचा परभणी वसंत. म्हणजे शास्त्रज्ञांनीसुद्धा हे चैनीचं खाणं मनावर घेतलंय. पण आगटी अजून तीच, खड्ड्याएवढी स्वस्त. पुढच्या नांगरटीनंतर ती कुठं होती हे मालकालाही सांगता येत नाही.

मग घराच्या मागं सिमेंटची, आतून फायर ब्रिक लावलेली पक्की आगटी बांधायचं खूळ कशाला? त्याला कारण पेव्हर ब्लॉक.

छत्रपती संभाजीनगरात, सातारा परिसरात आता ज्याच्या त्याच्या परसात हेच ब्लॉक. चिखल होत नाही, झाडायला सोपं, आणि माती औषधालासुद्धा सापडत नाही. डिसेंबरात आई गावाहून आली. पारा दहाच्या खाली उतरला होता. रूम हीटरपुढं ती दोन मिनिटं बसली आणि म्हणाली, "हे नुसतं तोंडावर वारं मारतंय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं बदामाच्या वाळक्या फांद्या गोळा केल्या आणि परसात, ब्लॉकवरच, शेकोटी लावली. जाळ चांगला धरला आणि फाडकन आवाज आला. मग दुसरा. शेजारचे काका गच्चीवरून डोकावले, त्यांना वाटलं पोरं फटाके उडवताहेत. ब्लॉकची वरची कपची उडून आईच्या लुगड्याला घासून गेली होती. ती जागची हलली नाही. "दगडात वाफ धरली," एवढंच म्हणाली आणि जाळ बाजूला ओढला.

तिचं निदान तंतोतंत बरोबर होतं. काँक्रीट वाळून घट्ट होतं असं आपण म्हणतो, पण ते पाणी पिऊन घट्ट होतं. काही पाणी सिमेंटशी कायमचं बांधलं जातं, काही बारीक छिद्रांत तसंच दडून राहतं. 100 अंशांना या दडलेल्या पाण्याची वाफ होते. वाट मिळाली तर निघून जाते. दाट, गुळगुळीत ब्लॉकमधून ती मिळत नाही, म्हणून वरचा पापुद्रा उडतो. एवढ्यावर भागत नाही. 400 ते 500 अंशांच्या दरम्यान बांधलेलं पाणीही सुटतं. वाळूत गारगोटीचे कण असले तर 573 अंशांवर ते एकदम फुगतात. आणि लाकडाचा चांगला निखारा 700 च्या पुढचाच. म्हणजे काँक्रीटचं बळ ज्या पाण्यात, नेमकं तेच पाणी आग मागून घेते. विटेचं गणित उलटं आहे. तिचं पाणी भट्टीनं आधीच काढून घेतलेलं. आगीला तिच्याकडं मागायला काही उरलेलं नाही. ज्यानं आधी भोगलंय त्याच्याच स्वाधीन आग करावी, हे मला तेव्हा पटलं. बाहेरून बळकटीला काँक्रीट, आतून आगीला वीट. झाडाच्या बुंध्याशी पाण्यासाठी आळं करतात तसं हे आगीसाठी.

मिस्त्री जुने, गुंठेवारीतली निम्मी घरं त्यांच्या थापीखालून गेलेली. त्यांना चित्र काढून दाखवलं. कागद त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "होमकुंड हाय का?"

"नाही. शेकायला. हुरड्याला."

"मग त्याला एवढं कशाला? चार विटा मांडा की."

तरी आले. पेव्हर ब्लॉक उचलले, पाच फुटांचं वर्तुळ आखलं. वीतभर काळी माती, मग पिवळसर मुरूम, आणि दीड फुटावर पहार खणकन वाजली. पुढं घाव घातला की नुसत्या ठिणग्या. मिस्त्री पहार टेकवून उभे राहिले. "साहेब, याच्या खाली जायचं तर वेरूळची माणसं आणा."

विनोदात तथ्य होतं. कैलास लेणं ज्या दगडातून आठव्या शतकात वरून खाली कोरत नेलं, तोच हा काळा पाषाण आमच्या परसाखाली पसरलेला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला रस, थरावर थर निवत गेलेला. शेकोटीसाठी खड्डा खणायचा आणि लागावा थंड झालेला लाव्हा, यावर मिस्त्रींपाशी काय बोलणार! दीड फुटावर थांबलो. त्यांना निघालेले दगडच वर काठाला लावायचे होते, फुकटचे म्हणून. त्यातल्या दोन-तीन दगडांच्या पोकळ्यांत पांढरे काचेरी स्फटिक होते. लेण्यांच्या पायथ्याशी पोरं विकायला बसतात तेच, झिओलाइट. दिसायला देखणे, पण त्यांच्या अंगातच पाणी. असले दगड आगीपासून लांब, तुळशीपाशी ठेवून दिले.

खाली दगडाची सोलिंग, तिच्या मधोमध पाणी जायला पाइपाचा तुकडा. इथं वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस, पण तो पडतो तेव्हा खड्डा भरायला एक संध्याकाळ पुरते. मग गोल शटरिंग. गोल म्हटलं की मिस्त्री वैतागतात. चौकोनाला फळ्या असतात, गोलाला काय? शेवटी पत्र्याची दोन कडी वाकवून एकात एक उभी केली, मधल्या सहा इंचांत आठ एमएमची सळई आणि एकास दोन, चार मालाचं काँक्रीट. एका गोष्टीत आमचा मुलूख नशीबवान आहे. इथली खडी काळ्या दगडाची, हल्ली वाळूही तोच दगड भरडून येते, आणि बेसाल्टात मोकळी गारगोटी जवळजवळ नसतेच. त्यामुळं 573 अंशांचं भय आपोआप कमी.

पत्रे काढले आणि खरी पंचाईत पुढं आली. कड्याला बारदान गुंडाळलं, त्याला रोज पाणी मारायचं. या शहरात! पैठणच्या नाथसागरातून निघालेलं पाणी नळाला कित्येक दिवसांआड येतं, आणि नळाचा दिवस सणासारखा पाळला जातो. लोक टँकर सांगतात आणि मी सिमेंटच्या कड्याला पाणी पाजतोय, हे शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून धुण्याचं पाणी अंधार पडल्यावर टाकायचो. याच गावाला, खडकी म्हणून 1610 साली वसवल्यावर, मलिक अंबरानं डोंगराकडून खापराच्या नळांतून पाणी आणलं होतं. खापर म्हणजे भाजलेली मातीच. तिनं पाणी वाहिलं आणि पाण्यानं घट्ट झालेल्या सिमेंटला मी आग सांभाळायला लावणार होतो. उलटापालटीचाच कारभार.

फायर ब्रिक मात्र या शहरात परकी नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत भट्ट्या आहेत, बॉयलर आहेत. त्यांचं अस्तर दर काही काळानं उतरवून नवं लावतात. त्या कामातल्या माणसाला 'फायर ब्रिक' म्हटलं की तो लगेच विचारतो, कुठली, किती टक्क्यांची? टक्के म्हणजे अॅल्युमिनाचे. साध्या शेकोटीला तीस-चाळीसवाली भरपूर. वीट नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड. रंग कणकेत हळद कमी पडावी तसा, आणि वजन साडेतीन-चार किलो. साध्या लाल विटेच्या सवयीनं उचलायला गेलं की मनगट खाली ओढलं जातं. आईनं एक हातात घेतली, नखानं खरवडली, बोटानं टिचकी मारली. खणखणीत वाजली. "चांगली भाजलीये," तिनं पास केली. लाल वीट हजार अंशांच्या आतबाहेर भाजते, ही बाराशेच्याही वर. लाल विटेनं चार हिवाळे काढले असते, पण रोजच्या तापण्या-निवण्यानं तिचा भुगा होत जातो.

विटा उभ्या लावल्या, कड्याला चिकटवून नव्हे. मागं दोन बोटं फट सोडून त्यात कोरडी वाळू भरली. तापली की वीट फुगते, तिला पाठ टेकायला मऊ काहीतरी हवं, नाहीतर ती कडंच फोडते. सांध्यात नेहमीचा मसाला चालत नाही. फायर क्ले पाण्यात कालवून सायीसारखा पातळ करायचा, वीट त्यात बुडवायची आणि दाबून बसवायची. मिस्त्रींचा जन्म अर्ध्या इंचाच्या सांध्यात गेलेला. "एवढ्यानं काय धरणार?" ते पुटपुटत राहिले, पण तिसऱ्या विटेपासून त्यांचा हात असा बसला की सांधा शोधावा लागत होता. जाताना स्वतःच कड्याला फेरी मारली, एका विटेला अंगठ्यानं उगाच दाबून पाहिलं.

पहिल्या जाळाबद्दल जुन्या शहरात एका तंदूरवाल्याला विचारलं होतं. या गावात आगीचं खरं ज्ञान त्यांच्याकडं. महंमद तुघलकानं 1327 च्या सुमारास दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवली, त्या लवाजम्याबरोबर नान-कलिया हा पदार्थ इथं आला असं मानतात. ते खरं असो वा नसो, पिवळ्या नानच्या भट्ट्या इथं पिढ्यान्‌पिढ्या पेटताहेत. तो नानवर पाणी फिरवत मान वर न करता म्हणाला, "पहिले दिन भूखा रखो. जरासा खिलाओ, बंद करो. फिर जरासा." म्हणून पहिल्यांदा नुसती चिपाडं. काँक्रीटच्या बाहेरच्या अंगावर ओलसर डाग उमटले, हळूहळू फिके झाले. मग गोवरी. आठवड्याच्या शेवटी लाकूड.

आग बांधून ठेवायची कला इथल्या लोकांना फार जुनी. दौलताबादच्या देवगिरी किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या भुयारातून वर चढून गेलं की त्याचं तोंड लोखंडी झाकणानं बंद करायची सोय होती. शत्रू आत शिरला की त्या लोखंडावर आग पेटवायची, भुयार तापवायचं. गाईड हे सांगताना आवाज खाली आणतात आणि पर्यटक हमखास वर बघतात. एवढ्या थंड डोक्यानं आगीचा उपयोग योजणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो, प्रेम नाही. आगीशी माणसानं सोयरीक करावी ती पोटाची नाहीतर पाठीची.

आणि गोल आगीभोवती पाठीचा प्रश्न येतोच. पुढून भाजतं, मागून गारठतं. त्यामुळं कोणी फार वेळ एका जागी बसत नाही. माणसं वळतात, उठतात, जागा बदलतात, आणि जागा बदलली की विषय बदलतो. दिवाणखान्यात सोफ्यावर जो तो आपल्या कोपऱ्यात रुतून बसतो, तसं इथं होत नाही. धूर ज्याच्या तोंडावर जातो त्याला शेजारच्याला सरकवावंच लागतं. आईनं तर न सांगता नियम घालून दिला: नव्यानं येणाऱ्यानं हातात एक लाकूड घेऊन यायचं. दुसरा नियम माझा. विझवायला तापलेल्या विटेवर पाणी ओतायचं नाही, तडकते. गावाकडं जळक्या लाकडावर पाणी मारून कोळसा राखायची आईची सवय, तिला हे पटायला वेळ लागला. आता ती निखारे राखेत पुरून ठेवते आणि सकाळी उकरून माझ्यापुढं धरते, अजून जिवंत आहेत बघ म्हणून.

पौषात पैठणकडच्या एका ओळखीच्या शेतावरून कणसं आली, पहिला हुरडा निघाला. रानातल्याइतका चांगला नव्हता. आगीत फरक नव्हता, कणसं तोडून तासभर झाला होता आणि हुरड्याला तेवढा उशीर खपत नाही. भरताच्या वांग्यांचं मात्र बस्तान बसलं. वीट उष्णता धरून ठेवते, त्यामुळं जाळ बसल्यावरही रात्री उशिरापर्यंत वांगी भाजता येतात, आणि ही बातमी गल्लीत पसरायला दिवस लागला नाही. शेजारच्या काकू दोन घेऊन आल्या, पलीकडच्या वहिनी तीन, समोरच्यांनी पोराच्या हाती एक पाठवलं. आपलं ओळखू यावं म्हणून प्रत्येकीनं देठाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. दोरे अर्थातच पहिल्या मिनिटात जळून गेले. काळी ठिक्कर पडलेली वांगी परातीत काढली तेव्हा काकू नि वहिनी दोघींनीही सगळ्यात मोठ्यावर बोट ठेवलं. आईनं कोणाचंच ऐकलं नाही. सगळी एकत्र सोलली, कांद्याची पात, हिरवी मिरची, कच्चं तेल घालून एकाच पातेल्यात कालवली आणि वाट्या भरता भरता म्हणाली, "उद्यापासून देठाला चाकूनं खूण करून आणा गं."