पिसाचा गळ

उतारवयात जपानात जाऊन मासे धरायला शिकाल, असे कुणी आमच्या पत्रिकेवरून वर्तविले असते तर आम्ही त्या ज्योतिषाची दक्षिणा परत मागितली असती. बेळगावात बालपणी मार्कंडेय नदीच्या काठी बांबूची काठी आणि कणकेची गोळी घेऊन घालविलेल्या दुपारी, एवढेच आमचे या विद्येतील भांडवल. परंतु आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त नागोया शहरी असतात. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांच्याकडे मुक्काम असता ते म्हणाले, "बाबा, इथल्या डोंगरात रिळावाचून मासे धरतात. तुम्हाला आवडेल." या कलेला तेनकारा म्हणतात. नावाचा उगम खुद्द जपानी लोकांनाही नक्की ठाऊक नाही.

मिनो-ओता स्थानकावर आम्ही लहान आगगाडीत बसलो. ती नागारा नदीचा हात धरून डोंगरात शिरते. याच नदीवर खाली गिफू शहरापाशी पाणकावळ्यांकडून मासे धरविण्याची तेराशे वर्षांची परंपरा आहे. मिनो-शिरोतोरीला उतरून मोटारीने हिनोकी घाट चढलो. घाटमाथ्यावर चिरंजीवांनी मोटार थांबविली, ती देखाव्यासाठी असावी असे आम्हांस वाटले. पण त्यांना दाखवायचे होते ते पाणी. घाटाच्या अलीकडचे पाणी नागारेतून प्रशांत महासागराकडे जाते, पलीकडचे कुझुर्यू नदीतून जपानच्या समुद्रात. अलीकडच्या ओढ्यांत अमागो नावाचा मासा, त्याच्या अंगावर लाल ठिपके. पलीकडे त्याचाच भाऊबंद यामामे, त्याला लाल ठिपके नाहीत. मैलभराच्या चढाने माशाचे कुंकू पुसले जावे, याचे आम्हांस मोठे नवल वाटले.

घाटापलीकडचे गाव इतोशिरो. हाकुसान या पवित्र पर्वताच्या वाटेवरचे हे जुने देवस्थान. देवळाभोवती उंच देवदारूसारखी सुगीची झाडे, आणि वर डोंगरात एक महावृक्ष, ज्याचे वय अठराशे वर्षे सांगतात. पाणी उतरते फुकुई प्रांताकडे, आणि गावही पूर्वी त्याच प्रांतात होते. पण गावकऱ्यांचा बाजारहाट आणि येणेजाणे घाटाच्या अलीकडे. शेवटी १९५८ साली गावाचा बहुतेक भाग गिफू प्रांतात सामील झाला, काही वाड्या मात्र फुकुईतच राहिल्या. बेळगावच्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल ते सांगायला नको. आम्ही चिरंजीवांकडे पाहिले, चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले, आणि दोघांनीही विषय माशांकडे वळविला.

आमचे गुरू म्हणजे आम्ही उतरलो त्या खाणावळीचे मालक, पंचाहत्तरीचे गृहस्थ. त्यांनी भिंतीवरून एक हातभर लांबीची नळी काढली आणि दुर्बीण उलगडावी तशी ओढली. साडेतीन मीटरांची काठी झाली. वजन म्हणावे तर लेखणीपेक्षा थोडे अधिक. पूर्वी ही काठी बांबूची असे आणि दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची, टोकाकडे निमुळती होत जाणारी. आता काठी कार्बनच्या तंतूची आणि दोरी कृत्रिम. दोरी काठीच्या शेंड्यालाच बांधायची, लांबी साधारण काठीएवढी. तिच्या पुढे मीटरभर बारीक धागा, आणि धाग्याला केबारी. केबारी म्हणजे केसाळ आकडा. आकड्याला सूत गुंडाळून त्यावर रानकोंबड्याच्या जातीच्या पक्ष्याचे पीस बांधतात. काही जुन्या केबारींचे अंग तर झेन्माई नावाच्या नेच्याच्या कोवळ्या कोंबावरील लोकरीचे असे. पुष्कळ केबारींचे पीस पुढे, दोरीच्या दिशेला झुकलेले असते. हलकेच ओढले की ते मिटते, सोडले की उघडते, आणि पाण्यातल्या माशाला जिवंत किड्याचा भास होतो.

गांडूळ सोडून पिसे कशाला, हा प्रश्न आम्हीही विचारला. उत्तर अगदी संसारी निघाले. डोंगरातले धंदेवाईक कोळी हे मासे पकडून गरम झऱ्यांच्या खाणावळींना विकत. आमिष खोदण्यात आणि प्रत्येक माशानंतर ते नव्याने लावण्यात त्यांचा वेळ जाई. पिसाची केबारी मात्र दिवसभर टिके. त्यांतील बहुतेकांना लिहिण्याचे कारणच नव्हते, म्हणून जुन्या नोंदी तुटपुंज्या. ब्रिटिश वकिलातीतील अर्नेस्ट सॅटो यांच्या १८७८ सालच्या डोंगरप्रवासाच्या टिपणांत या मासेमारीचा उल्लेख येतो, एवढे पुस्तकी लोक सांगतात.

प्रथम मासेमारी संघाकडून दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. हंगाम सर्वसाधारणपणे मार्च ते सप्टेंबर. मग पायांत नमद्याच्या तळव्याचे बूट. आम्ही आमचे रबरी बूट चालतील असा हट्ट धरला आणि पहिल्या दहा मिनिटांत शेवाळलेल्या धोंड्यावरून गुडघाभर पाण्यात बसलो. वितळलेल्या बर्फाचे ते पाणी. अस्वलांसाठी कमरेला बांधलेली घंटा तेवढी वाजली.

धडा मात्र कोरड्या गवतावर झाला. अंगठा बाजूला, तर्जनी काठीवर सरळ, कोपर अंगाशी. काठी मागे न्यायची ती डोक्यावर, घड्याळातल्या बारावर थांबवायची. क्षणभर दोरीला मागे उलगडू द्यायचे. मग पुढे दहावर थांबवायची. बळ लावले की दोरी वेटोळे करते, आणि आम्ही सबंध सकाळ बळच लावीत होतो. गुरू काही न बोलता आमचा कोपर धरून ठेवीत. पुढे पाण्यावर गेल्यावर या साऱ्या शिस्तीचे कारण कळले. ओढ्याच्या मधल्या धारेचा वेग निराळा, खडकामागच्या पाण्याचा निराळा. दोरी त्या धारेवर पडली की ती केबारीला ओढून नेते, आणि किडा पाण्याच्या विरुद्ध पळताना पाहून मासा शहाणा होतो. म्हणून काठी लांब, दोरी हलकी, आणि पाण्याला स्पर्श करायचा तो केबारीने व वीतभर धाग्याने. बाकी सारे हवेत उचललेले. रिळाची गरज का नाही, तेही इथेच उमगते: मासा असतो त्या खडकाजवळ आपणच जायचे.

ते जाणे हीच खरी कसोटी. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा खालच्या अंगाने, वाकून, आपली सावली पाण्यावर पडू न देता चढायचे. पिसाला चव नाही, मासा ते क्षणात थुंकतो. दोरी जराशी थबकली की मनगट उचलायचे. पहिल्या दिवशी आम्ही दोन केबारी झाडाला वाहिल्या. मासे शून्य.

दुसऱ्या दिवशी गुरू आम्हांस तोगे नावाच्या ओढ्याच्या एका पट्ट्यात घेऊन गेले. तिथे धरलेला मासा सोडून द्यावा लागतो. एका काळ्या धोंड्यामागे दोरी थबकली, आणि मनगट कसे उचलले ते आम्हांस आजही सांगता येणार नाही. वीतभर इवाना, पाठीवर फिकट ठिपके, पोटाकडे नारिंगी झाक. गुरूंनी हात आधी पाण्यात बुडवायला सांगितले, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आकडा बिनकाट्याचा, सहज सुटला. मासा आमच्या तळहातावर क्षणभर श्वास घेत राहिला आणि गेला.

आनंद झाला, हे नाकबूल करीत नाही. पण मनात एक कुसळही राहिले, ते आम्ही वाटेत बोलून दाखविले. खायला धरणे समजते. सोडण्यासाठी ओठाला आकडा लावणे याला काय म्हणावे? चिरंजीवांनी भाषांतर करण्यास थोडा वेळ घेतला. गुरू चालता चालता म्हणाले, "माझे वडील एकही मासा सोडीत नसत. त्यांनी आम्हाला याच ओढ्यावर वाढवले." मग पुष्कळ पावलांनंतर, "ते आज असते, तर मला वेडा म्हणाले असते." याहून अधिक ते बोलले नाहीत. सोडण्याचा नियम असलेल्या त्या पट्ट्यात लांबलांबून माणसे येतात, परवान्याचे पैसे देतात, गावात जेवतात, झोपतात, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहत होतो.

रात्री जेवणात भाताबरोबर इवानाच आला. काडीवर पोहत असल्यासारखा वळवून ओवलेला, शेपटीला मिठाचा जाड थर, निखाऱ्यांच्या कडेला तासभर सावकाश भाजलेला. शाकाहारी वाचकांनी क्षमा करावी, डोक्यासकट खाल्ला. हा त्या ओढ्यातला का, असे आम्ही विचारले. मालकांनी हसून मान हलविली. तो खालच्या तळ्यात पाळलेला होता.