चिरकाचे घरटे आणि सापाची कात

दीपनगर म्हटले की भुसावळकडच्या माणसाला वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या आठवतात. पंखांच्या चिमण्यांची चौकशी कुणी करीत नाही, मग चिरकाची कोण करणार?

वास्तविक हा पक्षी आपल्या दारातला. नर चकचकीत काळा, खांद्यावर पांढरा डाग, शेपटीखाली विटकरी रंग. मादी मातकट. दोघांचीही शेपटी सदा वर! बोरी-बाभळीचा माळ, दगडांचे ढीग, पडक्या भिंती हा त्यांचा मुलूख. दाट जंगल त्यांना मानवत नाही. जमिनीवर टुणटुणत ते किडे, मुंग्या, वाळवी टिपतात. दिवेलागणीनंतर रस्त्यावरच्या दिव्याखाली जमणारे किडेही सोडीत नाहीत. म्हणजे आमच्या विजेचे तेही ग्राहक, बिल मात्र येत नाही.

उत्तर भारतात नराची पाठ तपकिरी असते, दक्षिणेत काळी. उत्तरेकडच्या पोटजातीचे शास्त्रीय नाव आपल्या शेजारच्या गुजरातेतील खंभातवरून पडले आहे. मधल्या पट्ट्यात मधल्या छटेचे नर दिसतात. अलीकडे जनुकांच्या अभ्यासावरून शास्त्रज्ञांनी चिरकाला दयाळाच्या कुळात बसविले आहे. दोघांचे गाणे ऐकणाऱ्याला त्याचे फारसे नवल वाटू नये.

विणीचा हंगाम साधारण मार्च ते जून. भिंतीतले भोक, दगडाची कपार, एखादे जुने डबडेही चालते. गवत, कापूस, जनावरांचे केस यांची गादी, आणि पुष्कळदा सापाच्या कातीचा तुकडा. अंडी खाणारे प्राणी कातीला बिचकत असावेत, असा एक तर्क आहे.

हीच कात घात करते. गेल्या जूनमध्ये आमच्या क्वार्टरमागच्या भिंतीत असे घरटे झाले. लोंबणारी कात पाहून शेजारच्या आजींनी गलका केला, “आत साप आहे, भोक बुजवा!” पोरे सिमेंट कालवायला धावलीसुद्धा. आम्ही बॅटरी घेऊन एकेकाला आत डोकवायला लावले. साप कुठला? तांबूस ठिपक्यांची तीन फिकट अंडी होती.

अंडी एकटी मादी उबवते, दहा-बारा दिवस. पुढे पिलांना भरवायला नरही येतो. तेवढे दिवस भोक उघडे ठेवायचे ठरले. आजी म्हणाल्या, “ठेवा बापा, पण त्या मांजराला आवरा.”

मांजर त्यांचेच होते.