रुआबांध्याहून सगळीकडे

अल्गोरिदमचा विषय म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, असं सीनियर्सनी बजावून ठेवलं होतं. छे हो! दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात डायक्स्ट्राचा अल्गोरिदम भेटला आणि तेव्हापासून घरात दिसेल त्याला मी तो समजावत सुटलोय. नाइट शिफ्ट करून प्लांटमधून आलेले बाबासुद्धा सुटले नाहीत. आई म्हणते, निदान जेवताना तरी पुरे कर.

प्रश्न साधा आहे. भिलाईतल्या आमच्या रुआबांध्याहून रिसाली, सेक्टर ९चं हॉस्पिटल, सिव्हिक सेंटर, सुपेला, पॉवर हाउस, कुम्हारी, प्रत्येक ठिकाणी जायचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता? एकेक मार्ग मोजायला बसलात तर चौक वाढतील तसे मार्ग असे फुगतात की कॉम्प्युटरही हात टेकेल. डायक्स्ट्रा म्हणतो: आतापर्यंत अंतर कळलेल्या चौकांतला सर्वांत जवळचा उचल, त्याचं अंतर पक्कं कर, त्याच्यावरून गेल्यानं शेजाऱ्यांची अंतरं कमी होतात का बघ, आणि पुन्हा तेच. एकदा पक्कं ते पक्कं! का? दुसऱ्या कुठल्याही वाटेनं तिथं पोचायचं तर आधी एखाद्या पक्क्या न झालेल्या चौकातून जावं लागणार, आणि तो चौकच मुळात तेवढा किंवा त्याहून लांब. झाली सिद्धता! हे वाचून मी उठलो आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो.

त्यात दोऱ्याची गंमत कळली. ती जॉर्ज मिंटीची, १९५७ सालची. प्रत्येक चौक म्हणजे गाठ, रस्ता जेवढा लांब तेवढा दोरा. सगळं जाळं टेबलावर ठेवायचं आणि रुआबांध्याची गाठ धरून हळूहळू वर उचलायची. आजीच्या क्रोशाच्या दोऱ्यानं मी हे करून पाहिलं. गाठी टेबलावरून एकेक करून सुटतात, आणि ज्या क्रमानं सुटतात तोच डायक्स्ट्राचा क्रम! ताणलेले दोरे म्हणजे जवळचे रस्ते, ढिले पडले ते फुकट. कुम्हारी सगळ्यांत खाली लोंबकळत होती.

बरं, हे सुचलं कसं? १९५६ साल, ॲमस्टरडॅम. डायक्स्ट्रा आणि त्याची वाग्दत्त वधू खरेदी करून दमले, कॉफी प्यायला बसले आणि वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, त्यानं हे मनातच रचलं. आर्मॅक नावाच्या नव्या यंत्राचं प्रात्यक्षिक होतं, म्हणून नेदरलँड्सच्या नकाशातली ६४ शहरं घेतली. ६४च का, तर शहराचा क्रमांक ६ बिटांत मावतो! छापून आलं १९५९मध्ये. म्हणजे राजेंद्रप्रसादांनी आमच्या भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू केली, त्याच वर्षी!

शिवाय हाच प्रश्न लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्येही मांडता येतो म्हणे, आणि तिथं भेटतात १९८४च्या अल्गोरिदमचे नरेंद्र करमरकर, जन्म ग्वाल्हेरचा, आमच्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. त्यांच्यापर्यंत मी अजून पोचलेलो नाही.

सध्या डोक्यात ऋण अंतरं आहेत. इलेक्ट्रिक गाडी उतारावर बॅटरी भरून घेते, म्हणजे त्या रस्त्याचा खर्च शून्याहूनही कमी! अशा लांबीचा दोरा आणायचा कुठून? ‘पक्कं ते पक्कं’ची सिद्धता तिथं कोसळते आणि बेलमन-फोर्डच्या अल्गोरिदमला बोलवावं लागतं. तो भाग पुढच्या युनिटात आहे. मी आजच उघडलाय, आणि बाबांची आज सुट्टी आहे.